पोरांसाठी विणलेलं जाळं

आमच्या घरातल्या माणसाची माझ्या तोंडी दोन नावं आहेत. मन ठिकाणावर असलं की ‘आमचे हे’, आणि डोकं फिरलं की ‘म्हातारा’. आता सांगायला बसलेच आहे तर दोन्ही येतील. माणूस एकच, तेवढं ध्यानात ठेवा. गंगाराम त्यांचं नाव. पावसच्या पुढे खाडीच्या तोंडाशी आमची वाडी, तिथले ते तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला की माघारी कधी वळायचं, हे सगळं तांडेल सांगतो आणि बाकीचे खलाशी मुकाट ऐकतात. ह्यांनी जन्मभर सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. घरात मात्र माझ्यापुढे ही तांडेलकी कधी चालली नाही.

मी बकुळा. वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना घरोघरून गोळा करायचं, शेंबूड पुसायचा, खिचडी शिजवायची आणि मनस्वीबाई शिकवत असल्या की दाराबाहेर पळणारं पोर धरून आत आणायचं. मनस्वीबाई म्हणजे आमच्या सेविका. वयाने माझ्या लेकीसारखी आहे, पण खुर्चीचा मान म्हणून मी बाई म्हणते, आणि ती मला काकू म्हणते.

तर काय झालं, ह्यांच्या गुडघ्याने दगा दिला. हलत्या फळीवर उभं राहायचं तर पाय धड हवेत. डॉक्टर म्हणाले, आता किनाऱ्यावरच बसा. होडी आमच्या दीपेशच्या हातात गेली. पोरगा हुशार आहे, बापाचंच रक्त. पण बाप पडवीत बसला ना! जन्मभर चार माणसांना हुकूम सोडलेला माणूस, आता कोंबड्यांना हुकूम सोडायला लागला. ‘ती तांबडी तिकडे कशाला गेली? वळव तिला!’ मी म्हटलं, कोंबडी आहे ती, खलाशी नव्हे. चहा दिला की विचारणार, ‘होडी आता कुठे असेल?’ आणि डाळ शिजत असली की चुलीशी येऊन सांगणार, ‘मीठ आताच नको.’ ह्यांना मीठ कुठे असतं ते तरी ठाऊक आहे का, विचारा!

हसायचं हसून झालं, पण मला आतून धास्ती होती. त्या साली नारळी पुनवेला समुद्राला नारळ दीपेशने दिला. तांडेलाचा मान असतो तो. हे मागे बायकांच्या घोळक्यात उभे राहिले, टोपी हातात घेऊन. घरी येऊन नारळीभाताला हात लावला नाही. रात्रंदिवस बोलणारा माणूस, त्याने बोलणं आवरलं तर समजावं की आतून काहीतरी खचतंय. किनाऱ्यावर बसलेली होडी कशी होते ते आम्ही बघितलेलं आहे. वापर थांबला की फळ्या उलतात.

दिवाळी झाली आणि एक दिवस मनस्वीबाई अंगणवाडीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘काकू, हे अंगण बघवत नाही हो.’ अंगण कसलं, नुसता कातळ. तांबडा, खरखरीत, पडलं की गुडघ्याचं साल निघालंच. एक लोखंडी घसरगुंडी होती, ती खारं वारं लागून कुजली. तिचा पत्रा वर आला तेव्हा बाईंनीच ती काढायला लावली. ‘विकतचं यायचं तेव्हा येईल,’ बाई म्हणाल्या, ‘पण ही पोरं तोवर मोठी होऊन शाळेत जातील. आपल्याला घरच्या घरी काही करता येईल का? पण सुरक्षित हवं. ती अट आहे.’

मी ते बोलणं टोपलीतून मासे आणावेत तसं घरी आणलं आणि बांगडे साफ करता करता ह्यांच्यासमोर टाकलं.

‘पोरांना झोपाळा बांधायचाय म्हणे. कोण करील बाई? रामाला विचारते.’

रामा आमचा शेजारी. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारतो. दोन माणसांचं वजन एका लेंग्यात. त्याचं नाव काढलं की हे तापणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

‘रामा?’ हे पडवीतून ओरडले. ‘रामाला गाठ मारता येते काय? त्याने बांधलेली बकरी कधी जाग्यावर राहिली हाय काय?’

‘मग तुम्ही करा.’

‘मी कशाला?’

‘मग रामा.’

दुसऱ्या दिवशी म्हातारा माझ्याआधी अंगणवाडीत हजर! हातात दोर, तोंडात विडी. विडी मी दारातच टाकायला लावली.

आता ह्यांनी काम कसं केलं ते सांगते. आमच्या ह्यांना घाई करायला जमतच नाही. पहिले दोन दिवस काहीच केलं नाही, नुसते भिंतीला टेकून पोरांकडे बघत बसले. मी म्हटलं, झालं, पडवी बदलली फक्त. पण हे बघत होते की पोरं पळतात कुठून, आदळतात कुठे, भांडण कुठल्या कोपऱ्यात होतं. मग म्हणाले, ‘झोपाळा दारासमोर नको, तिकडून पोरं सुसाट येतात. तो तिकडे, फणसाखाली.’ दीपेशचं घर बांधून उरलेली वाळू होती, ती त्याच्याच टेम्पोने आणवली आणि जिथे जिथे पोर पडू शकेल तिथे गुडघाभर जाड अंथरली. कातळावर ती राहावी म्हणून चहूबाजूंनी जुने टायर लावले.

टायर निवडताना सुद्धा हाताने आतून चाचपायचे. कुठे तार टोचली की टायर बाजूला. झोपाळ्याच्या टायरला खालून भोकं पाडली. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, ‘पाणी साचेल, डास होतील. तुझी पोरं तापतील नि मग तू माझ्यावर तापशील.’ मोडलेल्या होडीची एक सागाची फळी होती, तिचं आडवं खालवर खेळणं केलं. दोन्ही टोकांखाली अर्धे टायर पुरले, म्हणजे पोर खाली आलं तरी दणका नको. खिळा एकही नाही. नटबोल्ट जिथे आले तिथे त्यांच्या डोक्यावर जाळ्याचे जुने तरंगे कापून बसवले, टोपी घातल्यासारखे.

आणि लाकूड घासून झालं की परीक्षा काय? माझं जुनं लुगडं! ते फळीवरून फिरवायचे. एक धागा जरी अडकला तरी पुन्हा घासायचे. माझं लुगडं अगदी मऊ, नेसून नेसून विरलेलं. मी म्हटलं, ‘अवो, माझ्या लुगड्याने काय पाप केलंय?’ तर म्हणाले, ‘पोराची कातडी ह्याच्याहून मऊ असते बकुळे.’ मी दुसरंही लुगडं दिलं.

दोराला मात्र रामा. झोपाळा बांधला की हाक जायची, ‘रामा, बस रे!’ आणि रामा लेंगा सावरत यायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि बसायचा. फणसाची फांदी कुरकुरली तरी दोर हलला नाही. ‘ह्याला पेललं तर वाडीतली सगळी पोरं पेलली,’ हे म्हणायचे. रामालाही त्याचा अभिमान वाटायला लागला. बंदरावर सांगत फिरायचा की अंगणवाडीत आपण ‘तपासणीला’ असतो.

ह्यांचा चेहरा पालटला हो. सकाळी माझ्याआधी अंघोळ. दुपारी भात जेवताना बडबड, आज कोणतं पोर उलटं बसलं, कोण झोपाळ्यासाठी रडलं. डाळीतलं मीठ विसरले, कोंबड्यांना मोकळीक मिळाली. पोरं ह्यांना आबा म्हणायला लागली, कारण आमची भाविका आबा म्हणते. भाविका दीपेशची मुलगी, चार वर्षांची, अंगणवाडीतच. तिची आई हेतल मला म्हणाली, ‘आई, आबा हल्ली गाणं म्हणतात.’ मी म्हटलं, ‘ऐकलंय मी. पण गप्प बस, दृष्ट लागेल.’

लागलीच की!

झालं असं, पोरांना चढायला काहीतरी हवं होतं. बाईंनी शिडी सुचवली. हे म्हणाले, ‘शिडी कशाला? शिडीवरून पोर पडतं. जाळं लावू या. पडलं तरी जाळ्यातच.’ सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. आणि जाळं म्हटल्यावर आमच्या ह्यांच्या अंगात वारं शिरलं. माळ्यावरून विणायची सुई काढली, मापाची लाकडी पट्टी काढली. ही पट्टी घालून गाठ मारत गेलं की जाळ्याची भोकं सगळी एका मापाची होतात. त्या भोकाला आमच्याकडे आस म्हणतात. जाड दोर घेऊन बसले पडवीत आणि विणायला लागले. डोळे खाडीकडे आणि हात आपले चाललेत. एकदा सुद्धा खाली बघितलं नाही. मी कौतुकाने बघत बसले, चुलीवर दूध उतू गेलं तरी.

दोन खांबांच्या मध्ये जाळं टांगलं. रामा लोंबकळला. गाठी लुगड्याने तपासल्या. सगळं ठीक. पोरं माकडासारखी चढली.

चार-पाच दिवस गेले असतील. मी आत खिचडी ढवळत होते, बाई पोरांकडून आकडे म्हणून घेत होत्या आणि हे बाहेर झोपाळ्याचा दोर बघत होते. भाविका कधी सुटून बाहेर गेली कळलंच नाही. एकदम तिचा आवाज आला, अगदी आनंदाचा.

‘आबा! आबा, बघा, मी सुरमई झाले!’

मी दारात आले. जाळ्याच्या एका आसातून पोरीचं डोकं ह्या बाजूला आणि धड त्या बाजूला. हसतेय! गालावर खळी! हात माशाच्या परासारखे हलवतेय. आणि तिने डोकं मागे घेतलं, तर येईना. कान अडकले.

पळी हातात तशीच, मी धावले आणि तिचं डोकं धरून ओढायला लागले. पोर किंचाळली.

‘ओढू नको!’ हे ओरडले. इतक्या वर्षांत त्या आवाजात माझ्यावर कधी ओरडले नव्हते. ‘ओढू नको, कल्ला फाटतो!’

बोलले ते हेच बोलले. माशाचा कल्ला. मग लंगडत आले, एक तळहात तिच्या हनुवटीखाली धरला, दुसऱ्या हाताने कमरेची सुरी काढली आणि दोर कापला. एक गाठ, दुसरी गाठ, की पोर मोकळी. कान लाल झाला होता, बस, बाकी काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. भाविका थोडं रडली आणि मग तो लाल कान घेऊन एकेका पोराला दाखवत फिरली, शाबासकी मिळाल्यासारखी. हेतल आली, तिने कान बघितला, फुंकर घातली आणि म्हणाली, ‘आबा, तुम्ही होतात म्हणून बरं झालं.’ तिच्या मनात राग नव्हता. माझी सून आहे म्हणून सांगत नाही, मोठ्या मनाची आहे ती.

पण हे वाळूवर बसले होते, कापलेला आस हातात धरून. मी जवळ गेले तर म्हणाले, ‘बकुळे, पोरगी खरं बोलली. मी मासाच धरला.’

तेव्हा मला कळलं. मोठ्या माशाचं जाळं असतं ना, त्याचं गुपितच ते. मासा डोकं घालतो, पुढे जायला जागा नाही, मागे घ्यायला जावं तर कल्ल्यात सूत अडकतं. बरोबर तेवढाच आस विणायचा, लहान नाही, मोठा नाही, त्यात तांडेलाची कमाल. आणि ह्यांनी माळ्यावरून काढली ती पट्टी मुशीच्या जाळ्याची. मुशी म्हणजे शार्क, मोठ्या डोक्याचा मासा. हाताला जे ठाऊक होतं ते हाताने केलं. जित्याची खोड म्हणतात ती ही.

‘हातानेच घात केलान,’ हे म्हणाले आणि उठले.

मग म्हाताऱ्याने काय केलं असेल? जाळं उतरवलं. मला वाटलं बरं केलं. मग झोपाळा उतरवला. मग खालवर खेळणं उपसायला लागला. मनस्वीबाई हात जोडून म्हणाल्या, ‘काका, झोपाळ्याने काय केलंय? तो राहू दे.’ तर म्हणे, ‘जे मला जाळ्यात दिसलं नाय, ते मला झोपाळ्यात तरी दिसलं असेल कशावरून?’ होडीवर असताना ह्यांच्या हाताखालचा एकही माणूस कधी बुडाला नाही. अंगावरची ती एकच पदवी होती, ती त्या सकाळी गळून पडली. सगळं सामान वाहून घरी आणलं, त्या गुडघ्यावर. आणि पडवीत बसले.

आता कोंबड्यांनाही काही बोलेनात. तांबडी कुठे गेली, पांढरी कुठे गेली, काही नाही. कोंबड्या बिचाऱ्या बावरल्या. मी रागावले, गोडीने बोलले, आवडीचं कुर्ल्यांचं सांबारं केलं. जेवायचे आणि खाडीकडे तोंड करून बसायचे. मला सांगायला लाज नाही, मी घाबरले. गुडघ्यावर औषध असतं. हा माणूस ह्या खेपेला बसला तर परत उठायचा नाही, हे मला दिसत होतं.

आणि तिकडे पोरं! काय सांगू! फणसाखाली झोपाळा नव्हता, पण पोरं ओळीने उभी राहायची. एक पोर वाळूत बसायचं, दोन्ही हात वर करून नसलेला दोर धरायचं आणि मागेपुढे हलायचं. मागचं म्हणायचं, ‘झालं तुझं, आता मी.’ मी ते बघून आत गेले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळे पुसायला कारण मिळालं.

त्या दुपारी घरी आले ती तापूनच. कापलेलं जाळं पडवीच्या वाशाला लोंबत होतं, त्याच्याखाली म्हातारा. परड्यातले नारळ नुकतेच पाडून पडवीत टाकले होते, न सोललेले, आम्ही असोले म्हणतो ते.

‘मी सांगू काय चुकलं ते?’ मी म्हटलं. ‘तुम्ही ह्या जाळ्याला नारळ दिला नाहीत! कधी दिल्याशिवाय जाळं पाण्यात घातलं होतंत काय?’ आमच्याकडे नव्या जाळ्याला हळदकुंकू लावतात, नारळ देतात, मगच ते होडीत चढतं.

‘खेळणं होतं ता. खेळण्याला कोण नारळ देतं?’

‘पोरं काय खेळणी आहेत? माशासाठी नारळ आणि पोरांसाठी काही नाही?’

‘आता देऊन काय करू? बैल गेला नि झोपा केला.’

‘बैल कुठे गेला? बैल तिकडे खिचडी खातोय, लाल कान घेऊन! आणि रोज विचारतोय, आबा का येत नाहीत! घ्या, आत्ता देते मी नारळ!’ असं म्हणून मी एक असोला नारळ उचलला आणि दिला भिरकावून त्या जाळ्यावर.

नारळ खाली पडलाच नाही. एका आसात जाऊन बसला. निमुळतं टोक बाहेर, बूड आत, अगदी पोरीचं डोकं अडकलं होतं तसा.

मी ओरडायचं विसरले. हे उठले, नारळाला हात लावला, पुढे ढकलला, मागे ओढला. आत जातो, निघत नाही.

‘बकुळे,’ म्हणाले, ‘मनस्वीबाईला बोलाव.’

बाई धावत आल्या. नारळ बघितला आणि त्यांनीही कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ‘काका, आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण असं डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं. खेळण्यात भोक असलं तर एक तर इतकं बारीक हवं की पोराचं अंगच आत शिरू नये, नाहीतर इतकं मोठं हवं की डोकं आरामात पलीकडे जावं आणि परत यावं. मधलं भोक वाईट. मी जाळं लावलं तेव्हाच बोलायला हवं होतं.’

‘मधलं म्हणजेच माशाचं,’ हे म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात तांडेल ऐकू आला. ‘मी सगळं आयुष्य मधलंच विणलं.’

मग तिथेच ठरलं. बारीक आसाला माप सोललेल्या नारळाचं, घरातला लहानातला लहान. तो आत शिरता कामा नये. आणि मोठ्या भोकाला माप असोल्याचं, परड्यातला मोठ्यातला मोठा. तो हात न लावता आरपार पडला पाहिजे. ह्यांनी मुशीची पट्टी चुलीत घातली. मी म्हटलं, ‘अवो, चांगली सागाची होती!’ तर म्हणाले, ‘जळू दे, हाताला मोह नको.’

ह्या खेपेला विणताना खाडीकडे बघितलं नाही. एकेक गाठ डोळ्यांसमोर धरून, पुटपुटत विणत होते. हात सारखा जुन्या मापाकडे जायचा, मग स्वतःच्याच हाताला शिव्या घालायचे. समुद्रातलं जाळं सैल असतं, मासा धडपडला की अंगाला गुंडाळतं. म्हणून हे जाळं खांबांना असं ताणून बसवलं की वाजवलं तर दोर वाजावा. खाली सगळा बारीक आस, पोराच्या पायाचा पंजा टेकण्यापुरता. आणि वर, बाईंच्या कमरेइतक्या उंचीवर, एकच मोठं भोक ठेवलं, जाड दोराने कडा बांधून. पोराने चढावं, त्यातून सबंध पलीकडे जावं आणि वाळूत उतरावं. मी विचारलं, ‘हे मोठं भोक हवंच कशाला? बारीक विणून मोकळे व्हा की.’ तर म्हणाले, ‘नुसतं जाळं कसं ठेवू? पोरांना सुटायला वाट नको?’

शिमग्याच्या आधी जाळं उभं राहिलं. झोपाळा परत चढला, फळी परत बसली. हळदकुंकू मी लावलं. आणि नारळ? नारळ फोडायच्या आधी ह्यांनी त्याची परीक्षा घेतली. सगळी पोरं वाळूत बसवली. सोललेला नारळ घेऊन खालच्या एकेका आसाला लावायचे आणि पोरांनी ओरडायचं, ‘नाय शिरत!’ एकही आस सोडला नाही. पोरांचे घसे बसले. रामा लोंबकळून घेत होता, त्यालाही मध्येच जोर आला आणि तोही ‘नाय शिरत’ ओरडायला लागला. मग मोठा असोला वरच्या भोकातून टाकला. तो धप्पकन पलीकडे वाळूत. ‘गेला!’ असा काय गलका झाला की फणसावरचे कावळे उडाले.

मग हे वाकले, नारळ फोडला आणि जाळ्यावर पाणी शिंपडलं. नारळी पुनवेला टोपी हातात घेऊन मागे उभा राहिलेला माझा माणूस आज पुढे होता, आणि मागे खलाशांसारखी सगळी पोरं. माझं ऊर भरून आलं. मी काही लपवत नाही.

खोबरं वाटून झालं. आता पहिलं कोण चढणार? ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंकडे बघतात, माझ्याकडे बघतात. हेतलनेच भाविकाला पुढे केलं. ‘जा गं,’ म्हणाली, ‘आबांनी केलंय.’

भाविका चढली. बारीक आसात पाय रोवत, जीभ बाहेर काढून, ही आमच्या घराण्याची सवय. हे पलीकडच्या बाजूला उभे, दोन्ही हात पसरून, सुरी कमरेला. तिने वरच्या भोकातून डोकं काढलं. डोकं आलं, कान आले, लाल न होता, खांदे आले, पोट आलं, आणि सबंध पोर सुळकन पलीकडे निसटली. ह्यांच्या हातांना नुसता शिवून गेली आणि वाळूत उभी राहिली.

‘आबा,’ ती ओरडली, ‘मासा सुटला!’

आमच्या ह्यांना मी भरलेल्या होडीतून येताना पाहिलंय. पापलेटाने होडी वाकलेली, बंदरावर माणसं कौतुकाने उभी, तेव्हाचं तोंड पाहिलंय. पण त्या दिवसासारखं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू.

‘सुटू दे गो बाय,’ हे म्हणाले. ‘सुटू दे. परत चढ, परत सुट.’